आखूड धाग्याची गिरणी

अमळनेरला प्रताप मिल उभी राहिली ती १९०६ साली. श्रीमंत प्रताप शेठ, म्हणजे मोतीलाल माणेकचंद, यांनी ती काढली आणि पुढची कित्येक दशकं बोरीकाठच्या या गावाचा दिवस मिलच्या भोंग्यावर उगवत-मावळत राहिला. शेठजींच्या दातृत्वाबद्दल, १९१६ साली त्यांनी उभारलेल्या तत्त्वज्ञान मंदिराबद्दल, त्यांच्या नावाच्या शाळा-कॉलेजाबद्दल खान्देशात पुष्कळ लिहून-बोलून झालं आहे. मिलच्या आत काय चालायचं, याबद्दल मात्र फारच थोडं. त्या काळी हिंदुस्थानातल्या बहुतेक गिरण्यांची यंत्रं इंग्लंडातल्या लँकेशायरहून यायची. ती घडली होती तिथल्या दमट हवेत, अमेरिकेच्या लांब धाग्याच्या कापसावर. मग मे महिन्यात ४४ अंशांवर तापणाऱ्या खान्देशात, इथल्या आखूड धाग्यावर ती चालवायची कशी? या एका अडचणीत खान्देशातल्या गिरण्यांचा बराचसा इतिहास दडलेला आहे, असं मला ठामपणे वाटतं.

आधी धागा पाहू. कपाशीचं बोंड फुटलं की एक सरकी घ्या आणि तिच्यावरचा कापूस दोन्ही बाजूंना हलकेच विंचरा. प्रत्येक तंतू म्हणजे सरकीच्या सालीवरची एकच पेशी. एका सरकीवर असे हजारो तंतू असतात. फूल उमललं की ही पेशी लांब होऊ लागते, दोन-तीन आठवडे वाढत राहते आणि मग लांबी थांबवून आतून सेल्युलोजचे थर चढवू लागते. बोंड उकललं, ऊन लागलं की आतलं पाणी उडून जातं, पोकळ नळी चपटी होते आणि स्वतःभोवती पिळली जाते. सूक्ष्मदर्शकाखाली कापूस ओळखायची खूण तीच: पीळ पडलेली चपटी फीत. हे नैसर्गिक पीळ एकमेकांत अडकतात, म्हणून कापसाचं सूत होतं.

सूत म्हणजे शेकडो सुट्या तंतूंची एकमेकांवरची पकड. कुठलाही तंतू सुताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जात नाही. पीळ दिला की बाहेरचे तंतू आतल्यांना दाबतात, दाबामुळे घर्षण वाढतं आणि ओढलं तरी तंतू सरकत नाहीत. तंतू लांब असेल तर पकडायला जागा जास्त आणि कमी पिळातही सूत टिकतं. आखूड असेल तर पीळ वाढवावा लागतो. पीळ वाढवला की सूत कडक होतं, गुंता धरतं, शिवाय चातीला, म्हणजे सुताला पीळ देणाऱ्या फिरत्या सळईला, तेवढंच सूत काढायला जास्त फेरे घ्यावे लागतात, म्हणजे दिवसाचं उत्पादन घटतं. मिलच्या नफ्यातोट्याचा हिशेब इथून सुरू व्हायचा.

सुताचा बारीकपणा नंबराने मोजतात. ८४० यार्डांची एक लड, आणि एका पौंडात जितक्या लडी बसतील तितका नंबर. २० नंबरचं सूत म्हणजे एका पौंडात १६,८०० यार्ड, साधारण सव्वापंधरा किलोमीटर. ६० नंबरचं सूत तेवढ्याच वजनात ४६ किलोमीटर जातं. पण सूत कितीही बारीक काढलं तरी यंत्रावर टिकण्यासाठी कुठेही कापलं तर आत सुमारे ८० ते १०० तंतू असावे लागतात. देशी कापसाचा तंतू आखूड तर होताच, जाडही होता. त्यामुळे शंभर तंतूंतच सूत जाड व्हायचं. बारीक नंबर काढायचा तर तंतूच कमी पडत.

आता यंत्राकडे. पेळू, म्हणजे पिंजलेल्या कापसाची सैल वळी, रुळांच्या जोड्यांमधून ओढून बारीक करायचा, ही कल्पना इंग्लंडात आर्कराइटच्या १७६९च्या पेटंटने रुळली. पुढची रुळांची जोडी मागच्यापेक्षा जोरात फिरते, म्हणून पेळू ताणला जातो. यात एक मेख आहे. दोन जोड्यांमधलं अंतर तंतूच्या लांबीपेक्षा किंचित जास्त ठेवावं लागतं. कमी ठेवलं तर एकच तंतू दोन्हीकडून पकडला जाऊन तुटतो. जास्त ठेवलं तर आखूड तंतू मधल्या मोकळ्या जागेत कुणाच्याच ताब्यात राहत नाहीत. ते घोळक्याने पुढे सरकतात, आणि सूत कुठे जाड तर कुठे बारीक उतरतं. बारीक जागी ते तुटतं. तुटलं की कामगाराने धावत जाऊन सांधायचं. लांबीत सारखेपणा नसलेला, आखूड तंतूंनी भरलेला कापूस या यंत्राला कधीच नीट मानवला नाही.

म्हणूनच एक गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा मला फार आश्चर्य वाटलं होतं. मोगल काळात खान्देशची राजधानी असलेल्या बऱ्हाणपूरचं झिरझिरीत कापड इराण, तुर्कस्तान आणि थेट पोलंडपर्यंत जात असे, असं सतराव्या शतकातला फ्रेंच व्यापारी ताव्हर्निये लिहून ठेवतो. धरणगावच्या कापडाची नोंद ऐन-ए-अकबरीत आहे, आणि १६७४ च्या सुमारास ईस्ट इंडिया कंपनीने तिथे वखार घातली होती. हे सगळं कापड देशी कापसाचंच. जो तंतू गिरणीला जड गेला, त्यातून हाताने तलम सूत कसं निघत होतं? उत्तर कातणारीच्या बोटांत आहे. हाताने कातताना ओढणं आणि पीळ देणं एकाच वेळी होतं. बारीक जागी पीळ आधी धावतो आणि ती जागा घट्ट होते, जाड जागा सैल राहते आणि ओढली जाते. म्हणजे सूत स्वतःला सारखं करत जातं, आणि बोटांना क्षणोक्षणी ते जाणवतं. रुळांना अशी जाण नाही, ते ठरल्या अंतराने आणि ठरल्या वेगानेच ओढतात. ढाक्याच्या मलमलीचा कापूसही आखूड धाग्याचाच होता, आणि तिथल्या बायका हवेत ओलावा असताना, सकाळी किंवा संध्याकाळी, कातत. यंत्र आलं तेव्हा वेग कित्येक पटींनी वाढला, पण आखूड तंतू सांभाळणारं ते ज्ञान बोटांबरोबरच गेलं. ही हानी आपण अजून पुरती मोजलेली नाही.

अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस बंद झाला आणि लँकेशायरची नजर मुंबई इलाख्याकडे वळली. त्याच दशकात रेल्वे खान्देशात आली, जळगावची कापसाची पेठ फुगली. इंग्रजांना लांब धागा हवा होता म्हणून हिंगणघाटचं बी आणून खान्देशात पेरलं गेलं. भेसळ रोखायला १८६३ साली कायदाही झाला. पण शेतकऱ्याचं गणित वेगळं होतं, आणि माझ्या मते ते अगदी बरोबर होतं. हिंगणघाटच्या १०० किलो कपाशीतून तीसेक किलो रुई निघे. पुढे पसरलेल्या ‘एन. आर.’ जातीतून, म्हणजे नेग्लेक्टम रोझियममधून, ४० किलोच्या घरात. तिचा तंतू अतिशय आखूड आणि राठ, पण उतारा भरपूर आणि झाड काटक. लांबीला मिळणारा जादा भाव उताऱ्यातली ही तफावत भरून काढत नव्हता. शिवाय विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जपान असा आखूड कापूस गासड्यांनी उचलत होता. कोरडवाहू जमिनीवरच्या माणसाने दुसरं काय पेरायचं? कृषी खात्याच्या जुन्या लिखाणात या शेतकऱ्याला अडाणी ठरवणारा सूर लागतो, तो मला पटत नाही.

पुढे १९२१ साली स्थापन झालेल्या इंडियन सेंट्रल कॉटन कमिटीच्या मदतीने खान्देशसाठी संशोधन सुरू झालं. त्यातून ‘जरीला’ आली: धागा एन. आर. पेक्षा बरा, आणि मर रोगाला तोंड देणारी. तिच्यानंतर ‘विरनार’ आली. प्रत्येक नव्या जातीबरोबर गिरणीत रुळांची अंतरं, पिळाचे चक्रदाते, मिसळणीचं प्रमाण पुन्हा बसवावं लागे. शेतातलं बी बदललं की कताई खात्यातलं चाक बदलायचं, इतका तो थेट संबंध होता.

दुसरी अडचण हवेची. कापसाला पाणी फार आवडतं. हवेत ६५ टक्के आर्द्रता असली की कापूस स्वतःच्या कोरड्या वजनाच्या सात-आठ टक्के पाणी धरून ठेवतो. खान्देशात एप्रिल-मेच्या दुपारी आर्द्रता २० टक्क्यांच्या खाली उतरते, तेव्हा तंतूत जेमतेम तीन-चार टक्के ओल उरते. बहुतेक तंतू भिजले की कमजोर होतात, कापूस उलट मजबूत होतो. म्हणजे कोरड्या हवेत तो कमकुवत आणि ठिसूळ होणार. त्यात भर स्थिर विजेची. सुका कापूस वीज वाहू देत नाही, घर्षणाने तयार झालेला भार तंतूंवरच साचून राहतो, सारख्या भाराचे तंतू एकमेकांना दूर ढकलतात, पेळू पिंजारतो, रुळांना चिकटतो. मुंबईच्या गिरण्यांना समुद्राची हवा फुकट मिळत होती. खान्देशात ती बनवावी लागायची. साचे खात्यात, म्हणजे विणकामाच्या विभागात, ७५ ते ८५ टक्के आर्द्रता लागते, म्हणून पाण्याचे तुषार सोडायचे आणि ती ओल बाहेर जाऊ नये म्हणून खिडक्या बंद ठेवायच्या. सुताला हे सुखाचं होतं. माणसाचं शरीर मात्र घाम उडूनच थंड होतं, आणि दमट हवेत घाम उडत नाही. बाहेर लू, आत वाफ, आणि पाळी संपेपर्यंत उभं राहणं.

अशा गिरण्यांचं छप्पर करवतीच्या दात्यांसारखं असतं. दात्याच्या उभ्या बाजूला काचा, त्या उत्तरेकडे तोंड करून. उत्तर गोलार्धात सूर्य सहसा दक्षिणेकडून जातो, त्यामुळे उत्तरेचा उजेड दिवसभर सारखा आणि थंड असतो, धाग्यावर थेट ऊन पडत नाही. पण अमळनेर २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. साधारण २६ मे ते १८ जुलै या काळात इथे माध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. मँचेस्टरमध्ये असं कधीच होत नाही. इंग्लंडातल्या छपराचा नमुना जसाच्या तसा उचलला तर वर्षातल्या नेमक्या उष्ण दिवसांत त्याचा नेम थोडा चुकतो.

आखूड धाग्याचं कापड जाडंभरडंच होणार. धोतरं, लुगडी, चादरी, खादीसारखं राठ कापड, आणि लग्नकार्यात अंथरायच्या सतरंज्या. सतरंजीला हा कापूस अगदी योग्य. तिच्यात ताणा, म्हणजे उभा धागा, ताठ आणि विरळ असतो, बाणा, म्हणजे आडवा धागा, जाड आणि मऊ, आणि तो ठोकून इतका दाटला जातो की ताणा दिसतच नाही. रंगीत पट्टे सगळे बाण्याचे. बाण्यावर विणताना फारसा ताण येत नाही, म्हणून कमी पिळाचं, सहा-दहा नंबरचं, अगदी गिरणीत उरलेल्या आखूड कापसाचं सूतही चालतं. गालिच्यात ताण्याला गाठ मारून उभे केस सोडतात. सतरंजीत तसं काही नाही, म्हणून ती दोन्ही बाजूंनी वापरता येते, धुता येते, घडी करून खांद्यावर टाकता येते. ताण्याची गोष्ट मात्र वेगळी. कापड विणताना ताण्याचा प्रत्येक धागा फणीतून हजारो वेळा घासला जातो, म्हणून त्याला आधी स्टार्चची खळ पाजावी लागते. आखूड तंतूंच्या सुताची केसाळ टोकं जास्त बाहेर आलेली असतात आणि खळही जास्त लागते.

याच केसाळपणाचं दुसरं रूप म्हणजे हवेत तरंगणारी रुई. पिंजण खात्यात ती सर्वांत दाट. वर्षानुवर्षं ती श्वासात गेली की बिसिनोसिस नावाचा आजार जडतो. त्याचं लक्षण विलक्षण आहे: आठवड्याच्या सुट्टीनंतर कामावर गेल्याच्या पहिल्या दिवशी छाती आवळते, पुढच्या दिवसांत सैल होते. कारण निव्वळ तंतू नव्हेत. कपाशीच्या पाल्याकचऱ्यावर वाढणाऱ्या जिवाणूंच्या आवरणातलं एंडोटॉक्सिन धुळीबरोबर फुप्फुसात उतरतं. सुरुवातीला हे दुखणं परतणारं असतं, उशिरा ते कायमचं होतं. साध्या खोकल्यात आणि दम्यात गणली गेलेली अशी किती माणसं असतील, हा विचार मला अस्वस्थ करतो.

गिरण्यांचा शेवट बहुतेकांना माहीत आहे. जळगावला मूळजी जेठा यांच्या पुढाकाराने १८७०च्या दशकात निघालेली खान्देश मिल बंद पडली, आता त्या जागेवर बाजारसंकुल आहे. चाळीसगावची आणि धुळ्याची गिरणी १९७४ च्या कायद्याने, देशातल्या इतर आजारी गिरण्यांबरोबर, सरकारकडे गेली. वीज आली तसा यंत्रमाग स्वस्त पडू लागला, विणकाम मालेगाव-भिवंडीकडे सरकलं. ज्या अमळनेरात १९४५ साली वनस्पती तुपाचा कारखाना म्हणून विप्रोची सुरुवात झाली, तिथे कापडाचा धंदा मात्र नव्याने उभा राहिला नाही.

तंत्र पुढे गेलं, तेही आखूड धाग्याच्या बाजूने. १९६०च्या दशकाच्या अखेरीस ओपन एंड कताई बाजारात आली. तिच्यात पेळू रुळांमध्ये ताणत नाहीत. दातेरी रूळ तंतू सुटे करतो, हवेचा झोत ते वेगाने फिरणाऱ्या वाटीत फेकतो, आणि वाटीच्या कडेला ते गोळा होऊन पीळ खात बाहेर येतात. लांबीची अट तिथे बरीच सैल आहे, सात-दहा नंबरचं सूत तर तिचं हक्काचं. जीन्सचं कापड पुष्कळदा अशाच सुताचं असतं. खान्देशच्या शेतात मात्र तोवर लांब धाग्याच्या अमेरिकन जाती आल्या होत्या, आणि आता बीटीचा तंतू २८-३० मिलिमीटरचा आहे. देशी कपाशी कुठेकुठे उरली आहे. तिच्या राठ, आखूड तंतूंना दवाखान्यातल्या शोषक कापसासाठी मागणी असते, कारण ते जाड असल्याने दबून एकजीव होत नाहीत आणि मधल्या पोकळ्यांत द्रव भराभर ओढून घेतात.