जमिनीखालचे जिवाणू: उनकेश्वर ते किल्लारी

नांदेड जिल्ह्यात किनवट तालुक्यात, पैनगंगेच्या काठी उनकेश्वर आहे. कातडीचे विकार जातात या श्रद्धेने लोक इथल्या कुंडाच्या गरम पाण्याने अंघोळ करतात. खाली ज्वालामुखी वगैरे काही नाही. पावसाचं पाणी भेगांतून खोल मुरतं, तिथल्या उष्णतेने (किलोमीटरमागे साधारण २५ अंश वाढ) तापतं आणि दुसऱ्या वाटेने वर येतं.

एवढ्या गरम पाण्यात कोणी मजेत राहत असेल, हे विज्ञानाने उशिराच मान्य केलं. टॉमस ब्रॉक यांनी अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या झऱ्यांतून मिळवलेला ‘थर्मस ॲक्वाटिकस’ १९६९ मध्ये जाहीर केला. तो ७० अंशांच्या आसपास उत्तम वाढतो. त्याचं उष्णतेत न शिजणारं विकर (एन्झाइम) पुढे पीसीआर, म्हणजे डीएनएच्या असंख्य प्रती काढण्याच्या तंत्रात आलं. कोविडमध्ये नाकात काडी घालून घेतलेल्या नमुन्यांची आरटी-पीसीआर चाचणी या तंत्राचीच. उनकेश्वरच्या जिवाणूंचा अभ्यास पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या संशोधकांनीही केला आहे.

खोल पाण्याची गोष्ट याहून जुनी आणि जास्त भांडणाची. १९२६ मध्ये शिकागोचे एडसन बॅस्टिन यांनी तेलविहिरींच्या पाण्यात सल्फेटवर जगणारे जिवाणू असल्याचं मांडलं. लगेच शंका निघाली: हे खालचेच, की बोअर घेताना वरून गेलेले? आपल्याकडे बोअरची गाडी लागलेली पाहिली असेल, तर शंका रास्त वाटेल. दगडाची राखाडी भुकटी, वरची माती, यंत्राचं तेल, सगळं एकत्रच उडतं. १९८० च्या दशकात ड्रिलिंगच्या द्रवात खुणेची रसायनं मिसळून नमुने तपासले गेले, तेव्हा कुठे शंका ओसरली.

आपल्यासाठी महत्त्वाचं वर्ष १९९५. अमेरिकेत कोलंबिया नदीच्या खोऱ्यातल्या बेसॉल्टमध्ये, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाच्याच जातभाईत, खडक आणि पाण्याच्या अभिक्रियेतून निघालेल्या हायड्रोजनवर जिवाणू जगतात, असा दावा झाला. सूर्यप्रकाशाची गरजच नाही! पुढे १९९८ मध्ये त्यावर जोरदार आक्षेपही आले.

किल्लारीला १९९३ च्या भूकंपानंतर ६१७ मीटर खोल बोअर घेतला गेला. बेसॉल्ट सुमारे ३३८ मीटरवर संपला. तळाशी त्याहून कितीतरी जुना खडक लागला. शोध भूकंपाचा होता, जिवाणूंचा नव्हे. ती जोड पुढे कोयनेत मिळाली: भूकंपाच्याच अभ्यासासाठी तिथे घेतलेल्या खोल बोअरच्या खडकांत खरगपूर आयआयटीच्या चमूने सूक्ष्मजीव शोधले. तेल असो की भूकंप, जिवाणूवाल्यांना बोअर बहुतेक वेळा दुसऱ्याच्याच खर्चाने मिळाले आहेत.