अक्षांश-रेखांशावरून पत्ता : बेळगाव सीमाभागापुरती पार्श्वभूमी
जीपीएस मोबाईलला केवळ दोन आकडे देतो. बेळगाव शहरासाठी ते साधारण १५.८५ अक्षांश आणि ७४.५० रेखांश असे असतात. त्यांवरून गल्ली, गाव, तालुका आणि पिनकोड यांसह पत्ता तयार करण्याला रिव्हर्स जिओकोडिंग म्हणतात.

या पद्धतीचे एक मूळ अमेरिकेच्या जनगणनेत आहे. १९७० च्या जनगणनेसाठी तेथे ‘डाइम’ नावाच्या फायली तयार झाल्या, ज्यांत रस्त्याच्या प्रत्येक तुकड्याची दोन टोके आणि दोन्ही बाजूंच्या घरक्रमांकांचा आरंभ व शेवट नोंदवलेला असे. १९९० च्या जनगणनेसाठी त्यांची जागा ‘टायगर’ या नव्या नकाशा-नोंदींनी घेतली. घरक्रमांक रस्त्याच्या क्रमाने चढत जातात असे गृहीत धरल्यामुळे तुकड्याच्या मध्यावरच्या बिंदूला मधला क्रमांक देऊन मोकळे होता येत असे. असंख्य तुकड्यांतून जवळचा तुकडा चटकन सापडावा यासाठी अँटोनिन गुटमन यांनी १९८४ मध्ये मांडलेली आर-ट्री ही माहिती साठवण्याची रचना पुढे उपयोगी पडली.

गणपत गल्ली किंवा शहापूरच्या जुन्या वस्तीत हे गृहीतकच टिकत नाही. येथील पत्ता सीटीएस (नगर भूमापन) नंबर, गल्लीचे नाव आणि ‘मंदिराजवळ’ अशा खुणेवर चालतो, आणि सीटीएस नंबर भूखंडाच्या मोजणीतून येतो, रस्त्याच्या क्रमातून नव्हे. पिनकोडही फारसा हात देत नाही : श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या कल्पनेतून १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेली ही योजना टपाल वाटपासाठी होती, हद्दी आखण्यासाठी नव्हती. त्यामुळे सॉफ्टवेअर बहुधा जवळच्या नाव असलेल्या वस्तूचा पत्ता पुढे करते.

खरी अडचण राज्याच्या हद्दीवर येते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई राज्यातील बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात (आजच्या कर्नाटकात) गेला, चंदगड तालुका तेवढा मागे राहिला आणि आज तो कोल्हापूर जिल्ह्यात आहे. परिणामी बेळगावहून वेंगुर्ल्याच्या रस्त्याने निघाल्यावर थोड्याच अंतरावर शिनोळीत महाराष्ट्र लागतो. रस्ता तोच, बोलीही तीच, फक्त राज्य बदलते. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून केलेल्या मुक्त नकाशाच्या नोंदींवर चालणारे ‘नॉमिनॅटिम’ हे सॉफ्टवेअर दिलेल्या बिंदूचा पत्ता स्वतंत्रपणे ठरवत नाही, तर जवळची योग्य वस्तू शोधून तिचा पत्ता देते; ती वस्तू हद्दीपलीकडे असेल तर राज्य आणि तालुकाही पलीकडचेच येतात. बिंदू कोणत्या हद्दीच्या आत पडतो हे वेगळे तपासले तर ही चूक टळते, पण त्यासाठी हद्दीची रेषा नकाशात नेमकी आखलेली असावी लागते.

भारतीय टपाल खात्याने मे २०२५ मध्ये आणलेला ‘डिजिपिन’ हा पेच बाजूला सारतो. सुमारे चार मीटर बाजूच्या चौकोनाला अक्षरे व अंक मिळून दहा चिन्हांचा संकेत मिळतो, तो केवळ गणिताने अक्षांश-रेखांशातून निघतो आणि तसाच उलटवताही येतो. मात्र त्यासाठी कोणतीही नावे साठवलेली नसल्याने, शिनोळीच्या वेशीवरचा बिंदू कोणत्या राज्यात आहे हे त्या दहा चिन्हांवरून कळत नाही.