परीक्षेतला जादा वेळ आला कुठून?

दहावीचे फॉर्म भरायचे दिवस आले की ठाण्यातल्या, वाशी-नेरुळमधल्या काही घरांत अध्ययन अक्षमतेच्या, म्हणजे हुशार असूनही वाचन-लेखनासारख्या गोष्टी शिकताना येणाऱ्या अडचणीच्या, प्रमाणपत्रासाठी धावपळ सुरू होते. ते मिळालं की मुलाला पेपर सोडवायला जादा वेळ मिळतो. ‘फुकटची सवलत’ म्हणणारे शेजारी असतातच. त्यांनी या वेळामागचा इतिहास जरूर वाचावा.

१८९६ मध्ये प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरांनी १४ वर्षांच्या एका मुलाची हकीकत छापली. मुलगा हुशार, गणित चांगलं, पण वाचता येत नव्हतं. सगळं तोंडी शिकवलं तर हा शाळेत पहिला येईल, असं त्याचे शिक्षक म्हणत. लक्ष न टिकणाऱ्या मुलांचा अभ्यास मात्र वेगळाच सुरू झाला. १९०२ मध्ये लंडनचे बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी त्यांच्यावर व्याख्यानं दिली आणि दोष नैतिक संयमाचा मानला. ‘मुद्दाम करतो’ हा शिक्का आपल्याकडच्या वर्गांतही अजून पुसलेला नाही, याचं फार वाईट वाटतं.

पुढे कित्येक दशकं दोन्ही अडचणींचे तज्ज्ञ वेगळे राहिले. १९७२ मध्ये कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञ व्हर्जिनिया डग्लस यांनी दाखवलं की चुळबुळीपेक्षा लक्ष टिकवणं आणि आवर घालणं हा मूळ प्रश्न आहे. १९७६ मध्ये डेंकला आणि रूडेल या अमेरिकी संशोधकांनी मुलांना रंग, आकडे, अक्षरं, चित्रं यांची नावं भराभर सांगायला लावली. वाचनात अडखळणाऱ्या मुलांना नावं ठाऊक होती, पण ती ओठांवर यायला वेळ लागत होता. दोन्ही अडचणी एकत्र असणारी मुलंही बरीच निघाली. एक अडचण असलेल्यांपैकी साधारण २५ ते ४० टक्क्यांना दुसरीही असते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ब्रूस पेनिंग्टन यांनी २००६ मध्ये मांडलं की अशा अडचणींमागे एकच कारण नसतं, अनेक असतात आणि त्यांतली काही सामाईक असतात. शब्दातले ध्वनी सुटे करता न येणं ही मुख्यतः वाचनाची अडचण, आवर न घालता येणं लक्षाची. पाहिलेलं-ऐकलेलं समजून घेऊन उत्तर देण्याचा मंद वेग मात्र दोन्हींत आढळतो. म्हणूनच फळा पुसला जातो तेव्हा यांची वही अर्धीच भरलेली असते.

महाराष्ट्र सरकारने १९९६ मध्ये अध्ययन अक्षम मुलांना परीक्षेत जादा वेळासारख्या सवलती दिल्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत अध्ययन अक्षमता आली, पण एडीएचडीचं, म्हणजे लक्ष न टिकण्याच्या या अडचणीचं, नाव त्यात नाही. मला हे अन्यायाचं वाटतं: वेग तितकाच मंद, पण अडचण फक्त लक्षाची असलेलं मूल यादीबाहेर राहतं.

तपासणीला जाताना पालकांनी वाचन आणि लक्ष या दोन्हींची चाचणी मागावी. मूल मराठी माध्यमातलं असेल तर वाचनाची चाचणी मराठीतच हवी. राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने भारतीय भाषांसाठी बनवलेली ‘डाली’ ही चाचणी मराठीतही आहे.