ओकावांगोचा पूर पावसाळ्यात येत नाही

आफ्रिकेत, बोट्सवानातल्या ओकावांगो नदीच्या पाणथळ त्रिभुज प्रदेशात पाणी बघायचं तर पावसाळ्यात जा, कोरड्या मोसमात नुसती धूळ असते, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. हे साफ चुकीचं आहे. हा पूर मुळात तिथल्या पावसाचा नाहीच. नोव्हेंबर ते मार्चमध्ये अंगोलाच्या डोंगराळ भागात पाऊस पडतो आणि ते पाणी शेकडो किलोमीटर रमतगमत खाली येतं. जमीन जवळपास सपाट, त्यात पपायरस या उंच पाणगवताची दाटी. माऊन गावाजवळ पाणी पोचेपर्यंत जून-जुलै उजाडतो. तेव्हा तिथे ऐन हिवाळा, आभाळ निरभ्र. आसपासचे पाणवठे आटलेले, त्यामुळे हत्तींचे कळप इकडेच वळतात. आणि पूर म्हणजे गढूळ लोंढा नव्हे. नावाडी उभ्याने बांबूसारख्या लांब काठीने मोकोरो, म्हणजे अरुंद होडी, ढकलत असतो आणि खाली कमळांचे देठ तळापर्यंत स्वच्छ दिसतात.

खासगी राखीव क्षेत्रात रात्रीची सफारी करता येते, तिथल्याच मोरेमी अभयारण्यात नाही. पण काही कॅम्प कोरड्या जमिनीवर आहेत, तिथे होडी चालत नाही. म्हणून पैसे भरण्याआधी एवढं विचाराच: आम्ही येऊ त्या महिन्यात तुमच्याकडे मोकोरो चालते का? आणि स्वेटर न्याच, उघड्या जीपमध्ये पहाटे हुडहुडी भरते.