कॉम्प्लिकेशनची मनगटी घड्याळे : संग्रह (नाशिक)

तास, मिनिट व सेकंद यांपलीकडे आणखी काही दाखवणारी किंवा वाजवून सांगणारी दुर्मिळ यांत्रिक घड्याळे जमवण्याचा छंद. या जादा यंत्रणेला संग्राहक कॉम्प्लिकेशन म्हणतात. क्रोनोग्राफ (थांबवता येणारा कालमापक), पर्पेच्युअल कॅलेंडर (महिन्यांचे कमीजास्त दिवस व लीप वर्ष स्वतः सांभाळणारे), मिनिट रिपीटर (वेळ वाजवून सांगणारे), टूर्बियाँ (गुरुत्वाकर्षणाने पडणारी चूक समतोल करण्यासाठी घड्याळाचे नियामक भाग फिरवणारा पिंजरा) हे तिचे परिचित प्रकार. टूर्बियाँचे पेटंट घड्याळजी अब्राहम-लुई ब्रेगे यांना २६ जून १८०१ रोजी मिळाले, तेही खिशात उभ्या राहणाऱ्या घड्याळासाठी. सतत हलणाऱ्या मनगटावर तिचा उपयोग बेताचाच, मोल कारागिरीचे.

क्रोनोग्राफचे जनकत्व वादग्रस्त आहे. जुने संदर्भग्रंथ ते निकोला र्‍यूसेक यांना देतात. १८२१ मध्ये पॅरिसच्या घोडदौडीत त्यांनी तबकडीवर शाईचा ठिपका टाकणारे यंत्र वापरले. मात्र लुई मुआने यांचे सेकंदाचा साठावा भाग मोजणारे उपकरण २०१३ मध्ये प्रकाशात आले. खगोलनिरीक्षणासाठी केलेल्या या उपकरणाचा काळ साधारणपणे १८१५-१६ धरतात. काटा शून्यावर परत आणण्याची सोय त्यात आहे; तिचे पेटंट आडोल्फ निकोल यांनी पुढे १८४४ मध्ये घेतले. हे पाहता मुआने यांचा दावा अधिक सबळ दिसतो, जरी शाईच्या यंत्राने हा प्रकार लोकांपुढे आणला हे खरे.

दुर्मिळतेचे गणित धातूवरही चालते. पाटेक फिलिप या स्विस कंपनीच्या १५१८ या मॉडेलची (१९४१ पासून) सुमारे २८१ घड्याळे निघाली, बहुतेक सोन्याची. पोलादी चारच ज्ञात आहेत. त्यांतील एक २०१६ मध्ये जिनिव्हाच्या लिलावात १.१ कोटी स्विस फ्रँकच्या वर गेले.

खगोलीय कॉम्प्लिकेशन स्थळानुसार वाचावी लागते. ‘इक्वेशन ऑफ टाइम’चा काटा स्पष्ट (प्रत्यक्ष सूर्यावरून येणारी) व मध्यम (घड्याळाची, वर्षभर एकसारखी चालणारी) सौर वेळेतील फरक दाखवतो : नोव्हेंबरच्या आरंभी सूर्य सुमारे १६ मिनिटे पुढे, फेब्रुवारीच्या मध्यास १४ मिनिटे मागे. नाशिकला एवढ्याने भागत नाही. भारतीय प्रमाणवेळ ८२.५° पूर्व रेखांशाची, नाशिक सुमारे ७३.८° वर, अंशाला ४ मिनिटे या हिशेबाने ३५ मिनिटांचा फरक आधीच पडलेला असतो. त्यामुळे रामकुंडावर खरी माध्यान्ह नोव्हेंबरच्या आरंभी १२.१९ च्या, तर फेब्रुवारीच्या मध्यास १२.४९ च्या सुमारास होते. सूर्योदय-सूर्यास्त दाखवणाऱ्या काही घड्याळांत कॅम (काटा हलवणारी, विशिष्ट आकारात कापलेली चकती) गिऱ्हाइकाच्या गावासाठीच कापलेला असतो. असे घड्याळ दुसऱ्या हाती घेताना तो कोणत्या गावाचा हे आधी विचारावे. पर्पेच्युअल कॅलेंडरला २९ फेब्रुवारी कळतो, अधिक महिना अर्थातच नाही. २१०० हे लीप वर्ष नसल्याने त्या १ मार्चला सामान्यतः हाताने दुरुस्ती करावी लागेल. चंद्रकला दाखवणाऱ्या साध्या ५९ दात्यांच्या चक्राची चूक अडीच-पावणेतीन वर्षांत एक दिवसाची होते, पंचांगातली पौर्णिमा पाहून ती सुधारता येते.

संग्रहाची बैठक नाशिक परिसराला नवी नाही. अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे, नाशिक रोडला टपाल तिकिटे छापणारे सरकारी मुद्रणालय. घड्याळांच्या खरेदीसाठी मात्र मुंबई गाठावी लागते. बहुतेक रिपीटर पाण्यापासून सुरक्षित नसतात, त्यामुळे पावसाळ्यात ते हातात घालत नाहीत. २२ एप्रिल २०२५ पासून १० लाख रुपयांवरील मनगटी घड्याळाच्या विक्रीवर विक्रेता १ टक्का टीसीएस (विक्रीच्या वेळीच गोळा केला जाणारा कर) घेतो. ही रक्कम खरेदीदाराच्या प्राप्तिकरात वळती होते.