‘हार्ट फेल’ म्हणजे नेमकं काय? कोकणातल्या हृदयविकाराची पार्श्वभूमी

एसटी स्टँडजवळच्या श्रद्धांजलीच्या फलकांवर एक वाक्य ठरलेलं असतं: ‘हृदयविकाराच्या तीव्र झटक्याने दुःखद निधन’. त्याच माणसाबद्दल वाडीत विचारलं की मालवणीत उत्तर येतं, ‘हार्ट फेल होऊन गेलो’. घरच्यांशी जरा निवांत बोललं की तिसरीच हकिगत कळते. कुणी दोन वर्षं सुजलेल्या पायांनी, तीन उश्या लावून, बसल्या-बसल्या रात्री काढत होता. कुणी संध्याकाळपासून ‘गॅस’ म्हणून ओवा चावत, सोडा पीत सकाळ होण्याची वाट बघत होता. कुणी खरोखरच काजीच्या बागेतून येताना कोसळला आणि उठला नाही. मृत्यू तीन तऱ्हेचे, शब्द मात्र एकच. कोकणातल्या हृदयविकाराचा मागोवा घेताना मला आधी हा शब्दच सोडवून घ्यावासा वाटतो. त्याने बरंच नुकसान केलं आहे.

पहिली गोष्ट ॲटॅक. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या वाहिनीत वर्षानुवर्षं चरबीचा थर साचतो, एक दिवस तो फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी धरते आणि पुढच्या स्नायूचं रक्त तुटतं. फुटणारा थर फार मोठा असावा लागतो असंही नाही. म्हणूनच पट्ट्यावर चालण्याची तपासणी ‘नॉर्मल’ आलेल्या माणसाला महिन्याभरात ॲटॅक येऊ शकतो. या वेळी हृदय चालूच असतं, माणूस बोलत असतो. स्नायू मरायला काही तास लागतात आणि उपचाराला वाव असतो तो त्याच तासांत. दुसरी गोष्ट हृदय बंद पडणं. इथे हृदयातल्या विद्युत-संदेशांची लय बिघडते, ठोका थांबतो, माणूस क्षणात बेशुद्ध होतो. त्या वेळी छाती दाबायला कुणी पुढे झालं नाही, तर दर मिनिटाला वाचण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटत जाते. ॲटॅकमधून हे होऊ शकतं, पण दोन्ही एक नव्हेत. तिसरी गोष्ट हृदय दुबळं होणं. डॉक्टरांच्या भाषेतलं खरं ‘हार्ट फेल्युअर’ हे. त्यात हृदय थांबलेलं नसतं, ते पुरेसं रक्त पुढे ढकलू शकत नाही. धाप लागते, पाय सुजतात, आडवं पडलं की श्वास कोंडतो. हा आजार महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं चालतो आणि औषधांनी बराच आवरता येतो.

इंग्रजी वैद्यकाच्या कागदांवर ‘हार्ट फेल्युअर’ हे शब्द पूर्वी मृत्यूचं कारण म्हणून सर्रास लिहिले जात आणि त्यांचा अर्थ ‘शेवटी हृदय थांबलं’ एवढाच असे. आपल्याकडे हा शब्द तिथूनच उतरला असावा, असं माझं मत आहे. हृदय तर प्रत्येकाचंच शेवटी थांबतं. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा. त्याखालच्या मृत्यूच्या कारणाच्या दाखल्यावर, म्हणजे रुग्णालयातल्या नमुना ४ वर आणि घरी झालेल्या मृत्यूच्या ४-अ वर, स्पष्ट सूचना छापलेली आहे: आजार लिहा, मरणाची तऱ्हा लिहू नका. उदाहरण म्हणून तिथे नेमकं ‘हार्ट फेल्युअर’च दिलं आहे. तरीही कागदावर ‘हृदयक्रिया बंद पडून’ अशा अर्थाचं काहीतरी लिहून विषय संपवायची सवय गेली नाही. कोकणात म्हातारी माणसं बहुतेक घरीच जातात. डॉक्टर शेवटचा कधी येऊन गेला हेही घरच्यांना आठवत नाही. मग कारणाच्या रकान्यात ‘वृद्धापकाळ’ तरी येतो, नाहीतर ‘हार्ट फेल’. गावात नेमकं कशाने किती माणसं गेली, हे त्या रजिस्टरांवरून सांगताच येत नाही.

नुकसान कागदापुरतं राहत नाही. ‘तुम्हाला हार्ट फेल्युअर आहे’ असं तपासणीच्या खोलीत ऐकल्यावर माणूस समजतो की आपण संपलो. हे ओळखून इकडचे डॉक्टर आता ‘पंपिंग कमी झालंय’ म्हणतात. शब्द चांगला आहे, पण त्यानेही नवा घोळ घातला. सोनोग्राफीसारख्या तपासणीत, म्हणजे इकोत, ‘पंपिंग ६० टक्के’ आलं की घरात रडारड सुरू होते, चाळीस टक्के हृदय गेलं म्हणून. वास्तविक निरोगी हृदयसुद्धा एका ठोक्यात आपल्यातलं साधारण ५५ ते ७० टक्केच रक्त बाहेर टाकतं. शंभर कुणाचंच नसतं. साठ म्हणजे उत्तम. तीस आलं तर काळजीचं, आणि तरीही गोळ्या नियमित घेऊन तिशीवरून वर आलेली माणसं असतात.

जुन्या काळाबद्दल थोडक्यात. चरकसंहितेत हृद्रोगाचे पाच प्रकार आहेत, तेव्हा हृदय दुखतं हे नव्याने कळलेलं नाही. पण गेल्या शतकाच्या मध्यापर्यंत कोकणात ‘हृदयाचं दुखणं’ म्हटलं की बहुतेक वेळा पोरसवदा माणूस डोळ्यांपुढे येई. लहानपणी घसा दुखून ताप येई, सांधे सुजत, पोर बरं होई आणि पुढे विशीत हृदयाची झडप आवळलेली निघे. बायकांच्या बाबतीत ते पहिल्या बाळंतपणात उघड होई. दाटीची घरं, दमट हवा आणि घशाच्या जंतुसंसर्गाला वेळेवर न मिळालेलं पेनिसिलीन हे त्याचं मूळ. दर तीन आठवड्यांनी इंजेक्शन घेणारी अशी मुलं-मुली अजूनही सापडतात, मात्र पूर्वीपेक्षा खूप कमी.

आजच्या हृदयविकाराची गोष्ट खरी सुरू होते ती १९८० नंतर. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरीपासून वेगळा झाला. पुढच्याच जानेवारीत मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला आणि मनीऑर्डरीवर चाललेली घरं हादरली. खोलीवरची जागरणं, पाळ्या, विडी, बाहेरचं खाणं अशी वर्षं काढलेले चाकरमानी गावी परतले, ते पन्नाशीच्या आतले आणि चिंतेने पोखरलेले. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली. रस्ते झाले, दुचाकी आल्या, आणि पेज पिऊन शेतात जाणारा माणूस बेकरीचं खाऊन दुकानात बसू लागला. नाचणी मागे पडली, कुळथाची पिठी कधीमधी. दिवसाची चाल कमी झाली आणि पोटाचा घेर वाढला.

खाण्यापिण्यात दोष कुणाचा, यावर इकडे सगळा रोख नारळावर असतो. ‘नारळ बंद’ हा सल्ला ऐकला नाही असं घर सापडणार नाही. खोबरेल तेलात संपृक्त चरबी नव्वद टक्क्यांच्या आसपास असते, हे खरंच आहे, आणि रोज त्यात तळणं बरं नव्हे. पण माशाच्या कालवणातलं वाटण आणि डब्यातलं तेल एकाच तराजूत घालू नये. त्याच वर्षांत वनस्पती तूप, रेशनवरचं पामतेल आणि पुन्हा-पुन्हा उकळलेल्या तेलातली भजी घरोघर आली, त्यांच्याकडे कुणाचं बोट गेलं नाही. तेल वनस्पती तुपासारखं घट्ट करताना तयार होणाऱ्या, हृदयाला घातक ट्रान्स चरबीवर दोन टक्क्यांची मर्यादा देशात लागू झाली ती २०२२ मध्ये. मिठाचा तर उल्लेखच होत नाही. सुके बांगडे, सुकट, खारातल्या कैऱ्या, पापड, लोणचं ही पावसाळ्याची बेगमी म्हणजे मिठाचीच बेगमी, आणि रक्तदाब वाढवण्यात मिठाचा हात मोठा. तंबाखूचं असंच. पुरुषांची विडी दिसते. पहाटे चुलीपाशी बसून मशेरी लावणारी आजी मात्र ‘व्यसन’ या शब्दात बसवली जात नाही.

ही कारणं इतकी ठामपणे मांडता येतात, त्यामागे दूरच्या एका गावाची पुण्याई आहे. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावात १९४८ पासून ५,२०९ माणसांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं गेलं आणि रक्तदाब, कोलेस्टेरॉल, धूम्रपान यांचा हृदयाशी संबंध आकड्यांत उतरला. २००४ मध्ये ५२ देशांतला मोठा अभ्यास आला. त्यात मधुमेह, पोटाचा घेर, मानसिक ताण, व्यायाम आणि फळभाज्यांचा अभाव अशी आणखी कारणं धरून एकूण नऊ निघाली, आणि पहिल्या ॲटॅकचा नव्वद टक्के धोका त्यांतच सामावलेला दिसला. त्याच अभ्यासातून आपल्या उपखंडासाठी एक वाईट गोष्ट कळली. पहिला ॲटॅक येण्याचं आपल्याकडचं मधलं वय ५३, इतरत्र ते ५९ च्या जवळ. भारतातल्या एकूण मृत्यूंत हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजारांचा वाटा १९९० मध्ये १५.२ टक्के होता, तो २०१६ मध्ये २८.१ टक्क्यांवर गेला.

उपचारही याच काळात बदलले. १९८८ मध्ये १७,१८७ रुग्णांवरच्या एका चाचणीने दाखवलं की ॲटॅकच्या वेळी ॲस्पिरिनची साधी गोळी देऊन ती महिनाभर चालू ठेवली तर पाच आठवड्यांतले मृत्यू २३ टक्क्यांनी कमी होतात, आणि जोडीला गुठळी विरघळवणारं इंजेक्शन दिलं तर ४२ टक्क्यांनी. दोन्ही गोष्टी तालुक्याच्या ठिकाणी देता येण्यासारख्या. वाहिनी फुग्याने उघडण्याची शस्त्रक्रिया दोन तासांत होणार नसेल तर आधी इंजेक्शन, मग पुढची गाडी, हे आता सर्वमान्य आहे. देवगड-मालवणच्या रुग्णाला दोन तासांचा हा हिशेब फार जवळून लागतो. कोल्हापूर गाठायचं तर फोंडा किंवा करूळ घाट, रत्नागिरीहून आंबा घाट, आणि पावसाळ्यात दरड कुठे येईल याचा नेम नाही. १०८ ची गाडी २०१४ पासून आली, तो मोठा आधार झाला. पण गाडी बोलावण्याआधीचे तास घरातच जातात. छातीवर दगड ठेवल्यासारखा दाब, डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ, गार घाम, ही चिन्हं बहुतेकांना ठाऊक असतात. बायकांमध्ये आणि मधुमेह असलेल्यांमध्ये मात्र कधी नुसती धाप, मळमळ, विलक्षण थकवा किंवा पोटाच्या वरच्या भागात जळजळ एवढंच असतं. त्याला आपण गॅस म्हणतो. हृदय ‘फेल’ होतं तेव्हा माणूस जागच्या जागी पडतो, अशी समजूत असल्यावर बोलत-चालत असलेल्या बाईला ॲटॅक आला असेल हे कुणाच्या मनात येणार?

दक्षिणेकडच्या तालुक्यांचा ओढा गोव्याकडे. हद्द ओलांडून बांबोळीचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय गाठायचं, ही सावंतवाडी, दोडामार्गची जुनी रीत. २०१८ च्या सुरुवातीला तिथे गोव्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क लागू झालं. गोव्याची बाजू होती की खाटा आमच्या लोकांना पुरत नाहीत. दोडामार्गात त्यावर आंदोलन पेटलं आणि आपल्या राज्याची आरोग्य योजना तिथे लागू करण्याच्या हालचाली झाल्या. गोव्याचं म्हणणं समजण्यासारखं आहे. पण जिल्हा होऊन छत्तीस वर्षं उलटल्यावरही हृदयाच्या रुग्णाला सीमा ओलांडावी लागत होती, ही आपली जबाबदारी होती आणि आंदोलनाच्या गदारोळात ती बाजूला पडली, असं मला वाटतं. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं दोन्ही जिल्ह्यांत आली ती त्यानंतर.

याच सुमारास एक शांत काम सुरू झालं, त्याची बातमी फारशी झाली नाही. २०१७ च्या अखेरीस देशात रक्तदाब नियंत्रणाचा जो उपक्रम निघाला, त्यात महाराष्ट्रातले पहिले जिल्हे चार होते: भंडारा, सातारा, वर्धा आणि सिंधुदुर्ग. पद्धत साधी. रक्तदाब १४०/९० च्या वर राहिला की ठरलेल्या क्रमाने ठरलेल्या गोळ्या, प्रत्येकाचं कार्ड, आणि महिन्याच्या गोळ्या एकदम हातात. तिशीपुढच्यांची तपासणी गावपातळीवर होऊ लागली आणि आशाताई घरोघर विचारू लागल्या. दोन अडचणी मात्र वारंवार दिसतात. ‘बीपी नॉर्मल आलं’ म्हणून गोळी सोडणारे बरेच, कारण ते नॉर्मल गोळीमुळेच आलं आहे हे त्यांना कुणी नीट सांगितलेलं नसतं. आणि गणपती झाले की म्हातारे आई-वडील मुलाकडे विरार-डोंबिवलीला जातात ते शिमग्यालाच परततात. पाच-सहा महिने कार्ड गावच्या उपकेंद्रात आणि माणूस मुंबईत, रजिस्टरात नावापुढे ‘आले नाहीत’.