टर्बो गाड्यांच्या ट्यूनिंग चिप : एका गाडीची दुसरीला का चालत नाही

स्विफ्ट डिझेलमधून काढलेला ट्यूनिंग बॉक्स (इंजिनाची ताकद वाढवण्यासाठी बाहेरून जोडायचे इलेक्ट्रॉनिक उपकरण) पुंटोला किंवा इंडिका व्हिस्टाला चालेल का, हा प्रश्न पुण्यातील वाहनप्रेमींना पडणे स्वाभाविक होते. या तिन्ही गाड्यांत मुळात फियाटचेच १२४८ सीसीचे मल्टिजेट इंजिन होते. मारुतीसाठी ते मानेसरला बनत असे, तर फियाट आणि टाटा यांच्यासाठी पुण्याजवळच्या रांजणगावात. इंजिन एक, म्हणजे बॉक्सही एकच चालणार, असा तर्क त्यातून निघाला. तो अर्धाच बरोबर आहे.

डिझेल इंजिनाला इंधन पुरवणाऱ्या यांत्रिक पंपाच्या काळात हा प्रश्न उद्भवतच नव्हता. तो पंप दुरुस्त करणारा कारागीर स्क्रू फिरवून डिझेल वाढवी, गाडी जोरात ओढू लागे, मागून काळा धूर निघे, आणि जे काही व्हायचे ते त्या एका गाडीपुरते होई. पेट्रोल गाड्यांत मात्र १९७९ साली बीएमडब्ल्यू ७३२आय या गाडीतून बॉशची मोट्रॉनिक प्रणाली आली आणि इंधन व ठिणगी या दोहोंचे नियंत्रण एकाच ईसीयूकडे, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाकडे, गेले. पुढे ऐंशीच्या दशकात अनेक ईसीयूंमध्ये इंधनाचे आणि ठिणगीच्या वेळेचे तक्ते ईप्रॉम (पुसून पुन्हा लिहिता येणारी मेमरी) चिपमध्ये साठवले जाऊ लागले. ती चिप काढून बदललेल्या तक्त्यांची दुसरी बसवणे, एवढाच तेव्हाचा चिप ट्यूनिंगचा अर्थ होता. टर्बो गाडीला त्याचा लाभ विशेष होई, कारण बूस्ट, म्हणजे टर्बोने दिलेला हवेचा दाब, वाढवून इंजिनात जादा हवा घालता येते. टर्बो नसलेल्या इंजिनाला ती सोय नाही. चिपचे पाय आणि सॉकेट बहुधा सारखेच असल्याने एका गाडीची चिप दुसरीत सहज बसे. पण तिच्यातील तक्ते ठरावीक इंजेक्टर, ठरावीक सेन्सर आणि ठरावीक ईसीयू गृहीत धरून लिहिलेले असत, त्यामुळे एकाच मॉडेलच्या दोन वेगळ्या वर्षांच्या गाड्यांनाही पुष्कळदा वेगवेगळ्या चिप लागत. नव्वदच्या दशकात फ्लॅश मेमरी रूढ झाली आणि चिप उपसण्याऐवजी पोर्टमधून फाइल भरता येऊ लागली.

डिझेलची वाट वेगळी ठरली. १९९७ मध्ये अल्फा रोमिओ १५६ मधून कॉमन रेल, म्हणजे सर्व इंजेक्टरांना एकाच उच्च दाबाच्या नळीतून डिझेल पुरवणारी प्रणाली, प्रवासी गाड्यांत आली आणि तिच्यापाठोपाठ ट्यूनिंग बॉक्सचा धंदा फोफावला. रेलवर दाब मोजणारा सेन्सर असतो. त्याचा कनेक्टर काढून मध्ये बॉक्स जोडला, की बॉक्स ईसीयूला खऱ्यापेक्षा कमी दाब कळवतो आणि ईसीयू भाबडेपणाने दाब वाढवतो. खरी अडचण येथेच आहे. शून्य दाबाला ०.५ व्होल्ट आणि पूर्ण दाबाला ४.५ व्होल्ट देणारा सेन्सर १५०० बारचा (बार हे दाबाचे एकक) असेल, तर एका व्होल्टमागे ३७५ बार होतात. तोच २००० बारचा असेल, तर ५००. म्हणजे ०.२ व्होल्ट कमी दाखवणारा एकच बॉक्स पहिल्या गाडीत ७५ बार वाढवतो आणि दुसरीत १००, आणि दोन्ही सेन्सरांचे कनेक्टर मात्र सारखे असू शकतात. कनेक्टर बसला म्हणजे बॉक्स चालला, हे मानणे म्हणूनच सर्वांत महागात पडते.

रांजणगावच्या इंजिनाचेही हेच. त्याच्या सुमारे ७५ अश्वशक्तीच्या आवृत्तीत साधा टर्बो होता, तर सुमारे ९० अश्वशक्तीच्या आवृत्तीत व्हेरिएबल जॉमेट्री टर्बो, ज्याच्या पात्यांचा कोन ईसीयू सांभाळतो. बाहेरून भावंडे दिसणाऱ्या या दोन आवृत्त्यांचे तक्ते भिन्न आहेत, आणि गाडीच्या कंपनीगणिक सॉफ्टवेअरही वेगळे.

चाकणच्या कारखान्यातून २००९ पासून निघालेल्या फोक्सवॅगन गाड्यांनी त्यात आणखी एक पेच आणला. व्हेंटोच्या १.५ लिटर डिझेलचा टॉर्क कंपनीच्याच ट्यूनमध्ये २५० न्यूटन-मीटर होता आणि तिच्या सात गिअरच्या डीएसजी (दोन क्लचच्या स्वयंचलित) गिअरबॉक्सची मर्यादाही तेवढीच. मॅन्युअल व्हेंटोवर निभावून जाणारी फाइल डीएसजी व्हेंटोवर चढवली, तर इंजिन तक्रार करणार नाही; भार सोसावा लागेल तो क्लचला.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगायची तर, मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलांशी जुळेनासा होईल असा बदल वाहनात करता येत नाही. वेताळ टेकडीवरच्या एआरएआय या वाहन संशोधन व चाचणी संस्थेसारख्या ठिकाणी गाडीची उत्सर्जन चाचणी होते ती निर्मात्याने दिलेल्या कॅलिब्रेशनसह (मूळ तक्त्यांसह), बॉक्ससह नव्हे. पुण्यात बीएस-४ (भारत स्टेज-४) हे उत्सर्जनाचे निकष देशातील बऱ्याच भागांच्या आधी, २०१० मध्येच लागू झाले होते. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ आले आणि डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा फिल्टर सर्रास दिसू लागला. जादा डिझेलाची काजळी आता धुराड्यातून बाहेर न पडता त्या फिल्टरमध्ये साठते. शिवाय काही नव्या गाड्यांतील सेन्सर व्होल्टेजऐवजी डिजिटल संदेश पाठवतात. तेथे व्होल्टेज बदलणाऱ्या जुन्या बॉक्सला फेरफार करण्यासारखे काही उरतच नाही, आणि तो जोडलाच तर ईसीयू बिघाडाचा कोड नोंदवून गाडीला लिम्प मोडमध्ये, म्हणजे ताकद मर्यादित ठेवणाऱ्या सुरक्षित स्थितीत, टाकू शकतो.